हळदीतला सफारीवाला कोण?

लग्नसराई संपली एकदाची. आता जरा हात मोकळा झालाय तर कीबोर्डवरून फाईली हाताळताना जो त्रास झाला त्याची भडास काढून घेतो. जे सगळं माउसनेच करतात त्यांना यात रडण्यासारखं काय आहे ते कळणार नाही कदाचित, पण असो.

अमळनेरला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. एका लग्नाचे दोन-अडीच हजार फोटो सहज होतात, ते चाळायचे, डोळे मिटलेले उडवायचे, हळद, मांडव, फेरे अशी नावं द्यायची, आणि हे सगळं मी कीबोर्डवरच करतो. सवय डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातली. कॉम्प्युटर क्लासमध्ये नॉर्टन कमांडर नावाचा फाईली हाताळायचा प्रोग्रॅम होता, निळ्या रंगाचे दोन खाने शेजारी शेजारी, टॅब दाबला की इकडून तिकडे, एफ फाइव्ह म्हणजे कॉपी, एफ सिक्स म्हणजे मूव्ह, एफ एट म्हणजे डिलीट. माउसला हात लावायची गरजच नव्हती, खरं तर क्लासमध्ये माउस एकच होता आणि तो सरांच्या टेबलावर.

नंतर विंडोज आलं तरी बोटं तीच. विंडोज एक्सपीत बॅकस्पेस दाबलं की एक फोल्डर वर जायचो, त्यानंतरच्या विस्टापासून तेच बटन आधी जिथे होतो तिथे मागे न्यायला लागलं आणि वर जायला ऑल्ट आणि वरचा बाण. बरं, शिकलो. मग मशीन जुनं झालं म्हणून विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, आणि खरी मजा तिथे सुरू झाली.

आता हे बघा. १३१७ नंबरचा फोटो खराब आहे, डिलीट दाबलं. फोटो गेला. पुढचा सिलेक्ट व्हायला पाहिजे ना? माझ्याकडच्या फाईल मॅनेजरमध्ये, म्हणजे फोल्डर उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, काहीच सिलेक्ट नसायचं, कुठेच निळी पट्टी नाही, आणि खालचा बाण दाबला की गाडी थेट पहिल्या फोटोवर. परत १३१७ पर्यंत या. पुढचा खराब फोटो आला की परत तेच. माउसवाल्याला हे दिसतच नाही, कारण त्याचा बाण असतो ना पडद्यावर, माझ्याकडे ती पट्टीच काय ती, ती गेली की मी आंधळा.

दुसरी गोष्ट त्याहून भारी. पूर्वी फोल्डरमध्ये नुसती अक्षरं टाइप केली की त्या नावाच्या फाईलवर उडी जायची. नॉटिलस या लिनक्सवरच्या फाईल मॅनेजरने २०१२ मध्ये ३.६ या आवृत्तीत ती उडी काढून टाकली आणि टाइप केलं की थेट सर्च चालू, तेही आतल्या सगळ्या फोल्डरांत. लोक इतके वैतागले की लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) वाल्यांनी त्याच वर्षी नॉटिलसच्या जुन्या ३.४ वरून निमो नावाचा वेगळाच फाईल मॅनेजर काढला. माझ्याकडे जो होता तो सर्चवाल्या जातीचा.

तर झालं काय, पारोळ्याच्या पार्टीला हळदीचे फोटो पेनड्राइव्हवर द्यायचे होते, माणूस काउंटरवर उभा, बाहेर ऊन असं की शटरला हात लावला तर चटका. मी पारोळ्याच्या फोल्डरवर आलो, एंटर दाबलं, पण त्याच्या आधी एफ टू करून नाव दुरुस्त केलं होतं, त्यामुळे ते एंटर नाव पक्कं करण्यात गेलं आणि मी बाहेरच राहिलो. मला वाटलं आत आहे. हळदी टाइप केलं. उडीवाला प्रोग्रॅम असता तर काही हललंच नसतं आणि मला तिथेच कळलं असतं. पण सर्चने इमानदारीत आतल्या सगळ्या फोल्डरांत शिरून पारोळ्याची हळद आणली, सोबत धरणगावची पण आणली. छोट्या छोट्या चित्रांत सगळेच पिवळे, कोणाला कळणार? कंट्रोल ए, कंट्रोल सी, पेनड्राइव्हवर पेस्ट, पैसे घेतले, विषय संपला.

रात्री साडेनऊला फोन. "भाऊ, आमनी हयदमा हाऊ सफारीवाला कोन शे? आख्खा घरमा कोनीच वळखत नई त्याले!" मागे बायामाणसांचा हसण्याचा आवाज. धरणगावच्या नवरीचे मामा होते ते, डीजेपुढे दोन्ही हात वर करून नाचताना, एक नाही, अकरा फोटोत.

माफी मागितली, दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह परत आणायला लावला. त्याच रात्री थुनार नावाचा दुसरा फाईल मॅनेजर टाकला, त्यात टाइप केलं की आहे त्याच फोल्डरमध्ये उडी जाते, मला तेवढंच हवं होतं. आणि एफ टू नंतर आता दोनदा एंटर मारतो, पहिलं नावाचं, दुसरं आत जायचं, मग वरची पाटी वाचतो, मगच बोटं चालवतो.

पारोळ्याचा माणूस पेनड्राइव्ह घेऊन आला तेव्हा म्हणाला, बाकीचे दहा काढ, एक राहू दे, आमची आजी म्हणते आपल्या हळदीत असं कोणी नाचलंच नाही. आता दुसऱ्याच्या मामाचा फोटो असा कसा देणार. अकराही काढले.