एकरी सव्वातीन टन

गेले दोन आठवडे रात्रीची जेवणं आटोपली की मी नाना-आईच्या सहलीची जुळवाजुळव करत बसते. आम्हाला इटलीत, तोरिनोला येऊन सहा वर्षं झाली, पण ते दोघं पहिल्यांदाच येतायत. रोम, व्हेनिस सगळेच दाखवतात. मला नानांना लांगेच्या टेकड्या दाखवायच्यात. आल्बा, बारोलो, ला मोर्रा ही तिथली गावं, आमच्या घरापासून गाडीनं तास-सव्वा तासावर. नजर जाईल तिथवर द्राक्षाच्या ओळी. 2014 मध्ये युनेस्कोनं हा मुलूख जागतिक वारशाच्या यादीत घेतला. किल्ला नाही, देऊळ नाही, शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बागा! निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला युरोपात याहून मोठं मी काय दाखवणार?

नात्यातल्या एकदोघांनी आईला फोनवर ऐकवलंच, माळकरी माणसाला पोरगी दारूच्या गावाला कशाला नेतेय म्हणून. मला ते लागलं. नाना पिणार नाहीत, आणि गाडी चालवणारी मी, तेव्हा मीही नाही. इथं भारतीय परवाना बदलून मिळत नाही, परीक्षा नव्यानं द्यावी लागते, तीही इटालियनमध्ये. आणि परवाना हातात आल्यावर पहिली तीन वर्षं रक्तात दारूचा अंशही चालत नाही. पण वेल बघायला प्यावं कशाला लागतं? ज्या माणसानं चाळीस वर्षं भुरी आणि डाऊनी या द्राक्षावरच्या रोगांशी झुंज दिली, त्याला दुसऱ्याची बाग बघायची इच्छा असणारच.

खरी अडचण तारखांची. जो तो सांगतो, ऑक्टोबरात जा. नेबिओलो या इथल्या नामांकित द्राक्षाची तोडणी तेव्हा असते, सकाळी दऱ्यांत धुकं भरलेलं असतं, आल्ब्यात पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या अळंबीचा, बाजार भरतो. पण ऑक्टोबरात आमची गोडी बहाराची, म्हणजे फळं धरण्यासाठीची छाटणी! नाना म्हणाले, “अगं, छाटणीच्या टायमाला बाग सोडून कोण येतं?” भाऊ आहे घरी, पण कोणत्या प्लॉटची छाटणी कधी धरायची हे अजून नानाच ठरवतात. शेवटी गणपती उठल्यावर यायचं ठरलं. तेव्हा दोल्चेत्तो आणि मोस्कातो या लवकरच्या जातींची तोडणी चालू असेल आणि नेबिओलो वेलावर पिकत असेल. ट्रफल राहील. राहू दे.

तर अशीच एका रात्री बारोलोची, म्हणजे त्या गावाच्या नावानं विकल्या जाणाऱ्या वाइनची, नियमावली वाचायला घेतली. म्हटलं, नाना शंभर प्रश्न विचारतील, उत्तरं हवीत. बाटलीवर बारोलो हे नाव लावायचं तर द्राक्ष फक्त नेबिओलो. जमीन ठरलेल्या 11 गावांच्या हद्दीतली, समुद्रसपाटीपासून 170 ते 540 मीटर उंचीवरची, टेकडीच्या उताराची. सपाट तळ चालत नाही, उत्तरेकडे तोंड असलेला उतार चालत नाही. वाइन किमान 38 महिने मुरली पाहिजे, त्यातले 18 लाकडी पिंपात. इथपर्यंत कौतुकानं वाचत होते. पुढची ओळ होती: हेक्टरी जास्तीत जास्त 8 टन द्राक्ष.

कागदावर हिशोब केला. एकरी सव्वातीन टन.

आमच्याकडे एकरी दहा टन निघाला तर नाना म्हणतात, बरं गेलं वर्ष. आपलं द्राक्ष खायचं, यांचं गाळायचं, दोन्हींची तुलना होत नाही, हे मला कळतं. विरळणी आपणही करतो. पण आपण मणी फुगावा म्हणून करतो. निर्यातीच्या मण्याला 18 मिलिमीटर लागतात, त्यासाठी जीए या मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या द्रावणात एकेक घड बुडवायचा, वर कागद लावायचा. इथं मणी बारीकच हवा, कारण गरापेक्षा सालीला मोल. हिरवे घड कापून मातीत टाकतात, ते मी गेल्या जुलैत स्वतः पाहिलंय. सगळं समजून उमजूनही त्या रात्री झोप लागली नाही. कायदा सांगतो कमी पिकव, आणि त्या कमीतही घर चालतं! आमच्या घरी एका फेब्रुवारीत पंधरा मिनिटांची गारपीट झाली आणि माझं इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष सोसायटीच्या कर्जावर निघालं. एकदा व्यापाऱ्यानं माल उचलला आणि पैसे बुडवले. नाना कोणाला काही बोलले नाहीत, पुढच्या छाटणीला लागले.

ऑफिसात कोणी म्हणालं की तुमच्याकडे फक्त उत्पादन वाढवायचं बघतात, तर मला राग येतो. बारोलोच्या चांगल्या उतारावरची जमीन हेक्टरी दहा लाख युरोच्या पुढे जाते. नावाला किंमत आली की कमी पिकवणं परवडतं. आमचा भाव आजही किलोवर ठरतो. शिवाय हे लोकही काही असेच जन्मले नाहीत. युद्धानंतर या टेकड्या इतक्या गरीब होत्या की तरुण पोरं गाव सोडून कारखान्यांत गेली. 1986 मध्ये तर याच भागातल्या स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळलेलं निघालं, माणसं मेली, काही वर्षं कोणी विश्वास ठेवेना. नाव पुन्हा कमवावं लागलं. हे मी ऑफिसात सांगते, जरा आवाज चढवूनच सांगते.

राहायला द्राक्षबागेतलंच एक आग्रितुरिस्मो, म्हणजे शेतावरचं पाहुणेघर, निवडलं. मालकीणबाईंना लांबलचक पत्र लिहिलं: वडील द्राक्ष शेतकरी आहेत, मांस, मासे, अंडी, दारू काही घेत नाहीत. पाठवल्यावर वाटलं, नाही म्हणतील. इथला ताजारिन हा पास्ता अंड्याच्या पिवळ्या बलकात मळतात, बान्या काउदा या गरम चटणीत मासे, रिसोत्तो या भातात बहुधा मांसाचं पाणी, पान्ना कोत्ता या गोड पदार्थात जिलेटिन. ग्रिसिनी या कुरकुरीत पावाच्या कांड्यांतसुद्धा कधी कधी डुकराची चरबी असते.

दुसऱ्या दिवशी उत्तर. रिसोत्तो भाज्यांच्या पाण्यात करीन, मक्याच्या पिठाचा पोलेंता आहे, भाजलेल्या मिरच्या आहेत, हेझलनट आमच्याच बागेतले. दुपारी स्वयंपाकघर रिकामं असतं, तुमच्या आईंना काही करावंसं वाटलं तर त्यांनी खुशाल करावं. शेवटी दोन ओळी होत्या: माझे सासरे 82 वर्षांचे आहेत. ते विचारतायत, तुमचे वडील वेलाचं कलम ज्यावर बांधतात तो खुंट कोणता वापरतात?

ते वाचून मला रडू आलं. इतक्या वर्षांत माझ्या वडिलांबद्दल इथं कोणी काही विचारलं नव्हतं.

मी लगेच निफाडला फोन लावला. नाना म्हणाले, “डॉगरिज. पाणी खारं आहे ना आपलं. आणि त्यांना विचार, सव्वातीन टनात घर चालतं का.”

हा प्रश्न इटालियनमध्ये लिहायला मला तासभर लागला. उद्धट वाटू नये म्हणून तीनदा खोडला. आज सकाळी आजोबांचं उत्तर आलं, सुनेनं लिहून दिलेलं. आता चालतं. माझ्या तरुणपणी नाही चाललं, माझे दोन्ही भाऊ तोरिनोला कारखान्यात गेले, परत आले नाहीत.

मी ते नानांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “काढ तिकीट. पण पंधरा दिवसांच्या वर नको.”