पाण्यासाठी खोदणे आणि पाण्यासाठी मागणे

सोलापुरात श्रद्धा आणि पाणी मला कधी वेगळी दिसलीच नाहीत. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी या अवर्षणप्रवण भूमीत लोकांना सोबत घेऊन तळे खोदले, अशी परंपरा आहे आणि आज त्यांची समाधी त्याच तळ्याच्या पाण्याने वेढलेल्या मंदिरात आहे. त्यांचे समकालीन शरण संत अल्लमप्रभू यांनी त्यांना खोदकामात गुंतलेला वडार म्हणून हिणवले व अंतर्मुख होण्यास सांगितले, ही कथा मी लहानपणी ऐकली. त्यातील अध्यात्म मला मान्य आहे, तरीही माझे मन कुदळीकडेच झुकते, कारण तहानलेल्याला पाणी देणे ही मला पूजाच वाटते.

सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीतील गड्ड्याच्या यात्रेत होमविधीनंतर होणारी भाकणूक मात्र खास आमची आहे. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गाजर, पाणी असे पदार्थ ठेवतात आणि ते कशाला तोंड लावते, मूत्र विसर्जन करते की नाही, यावरून येत्या वर्षाच्या पावसाचा अंदाज सांगितला जातो. हवामानशास्त्राच्या दृष्टीने त्याला आधार नाही, हे मी जाणतो. पण त्या क्षणी मैदानावर पसरणारी शांतता कोरडवाहू शेतकऱ्याच्या काळजीची असते.

पाऊस लांबला की गावोगावी अंगाला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधलेला, पावसासाठी मागणे मागणारा माणूस, म्हणजे धोंडी, दारोदार फिरत असे. टंचाईच्या त्या दिवसांतही माझी आजी त्याच्या डोक्यावर भरलेला तांब्या ओतताना हात आखडता घेत नसे.