बाळ बघून झालं की तिलाही विचारा

चिमटा (फोर्सेप्स) किंवा व्हॅक्यूम (बाळाच्या डोक्याला चिकटवून ओढायचा कप) लावून बाळंतपण झालेल्या बाईला भेटायला गेलात, तर बाळ बघून झाल्यावर तिच्याशी जरा एकांतात बोला. लघवी, शौच, वारा यांवर ताबा राहतोय का, ते विचारा. मला कुणीच विचारलं नव्हतं.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, सोलापुरात, ऐन मे महिन्यात झालं. शेवटी जोर लावायला अंगात त्राण उरलं नाही आणि बाळाचे ठोके कमी व्हायला लागले. आधी व्हॅक्यूमचा कप लावला, तो निसटला, मग चिमटा. त्या घडीला ते करणं भागच होतं. डोकं इतकं खाली आल्यावर सिझेरियनही सोपं नसतं. माझी तक्रार पुढची आहे. ‘टाके जरा जास्त पडलेत’ एवढं सांगून मला घरी सोडलं. फाट गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेली होती, हे माझ्या नर्स असलेल्या मावसबहिणीने डिस्चार्ज कार्ड वाचलं तेव्हा कळलं.

ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या माहितीनुसार अशी खोल फाट व्हॅक्यूममध्ये 100 पैकी 4 जणींपर्यंत, तर चिमट्यात 8 ते 12 जणींना पडते. एकामागून एक दोन्ही लावले तर धोका आणखी वाढतो. शिवाय जास्त रक्तस्राव होऊ शकतो, लघवी अडू शकते, टाके पिकू शकतात. तिथल्याच 2019 च्या एका मोठ्या अभ्यासात अशा बाळंतपणानंतर सहा तासांच्या आत अँटिबायोटिकचा एकच डोस दिला, तर जंतुसंसर्ग 19 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर आला.

घरी आजीचं सुरू होतं, ‘पाणी कमी पी, पोट सुटेल.’ वर शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, आणि बाहेर सोलापूरचं ऊन. शौचाला खडा व्हायचा. संडासात भिंतीला हात टेकून मी रडायचे, टाके उसवतील या भीतीने. बहिणीने येऊन आजीला समजावलं, डॉक्टरांना विचारून पोट साफ होण्याचं पातळ औषध सुरू केलं, माझ्या उशाशी तांब्या भरून ठेवला. माझ्या मते त्या तांब्यानेच मला सावरलं.

बारशाला बायकांच्या घोळक्यात वारा सुटला, मला आवरताच आला नाही. पाळणा म्हणायच्या आधीच मी उठून आतल्या खोलीत गेले. आईला वाटलं, चक्कर आली.

पुढे फिजिओथेरपिस्टने व्यायाम शिकवला: वारा रोखताना जसं आवळतो तसं आवळून धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. हळूहळू ताबा आला. नीट शिवलेल्या अशा फाटीनंतर 100 पैकी 60 ते 80 जणींना वर्षभरात काही त्रास उरत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर किती रात्री झोप लागली असती!

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास विड्या वळतात. टाके ओले असताना त्यांनी कसं बसायचं, हेही डिस्चार्ज देताना सांगायला हवं. आणि कार्ड जपून ठेवा गं. दुसऱ्या वेळी पहिल्याच तपासणीत ते डॉक्टरांपुढे ठेवा. नॉर्मलची वाट बघायची की सिझेरियन करायचं, हे त्यावरून ठरवता येतं.