चार्ज कोणाचा, मोबाईलचा का तलाठ्याचा?

भरतीची तयारी करणारी पोरं डिक्शनरी उघडतात आणि चार्जचे अर्थ वहीत एकाखाली एक उतरवून घेतात, आकार, आरोप, हल्ला, ताबा, प्रभार, आणि एवढं करून वाक्य सांगा म्हटलं की 'माय मोबाईल हॅज नो चार्जिंग'. अमळनेरला मी अशाच पोरांना इंग्रजी शिकवतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की अर्थांची यादी पाठ करणं हा निव्वळ टाइमपास आहे. शब्द कोणासोबत उठतो-बसतो ते बघा, अर्थ मागून येतो.

हे काही माझं डोकं नाही. जे. आर. फर्थ नावाचा इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होता, १९२० च्या दशकात तो लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. शब्द कळतो तो त्याच्या संगतीवरून, असं त्यानं १९५७ साली लिहिलं, आणि अशा जोड्यांना कोलोकेशन म्हणायची पद्धत रुळली ती मुख्यतः त्याच्यामुळे. आपल्याकडे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधून हेच कधीचं सांगून झालंय, फक्त तिथे विषय बैलांचा होता.

आता बैल निघालाच आहे तर घ्या. 'द बुल चार्ज्ड ॲट हिम', बैल अंगावर धावून गेला. 'ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट', चोरीचा आरोप. 'दे चार्ज्ड हिम फिफ्टी रुपीज फॉर पार्किंग', पन्नास रुपये घेतले. ॲट, विथ, फॉर, एवढीशी ही पिल्लं, पण ती बदलली की माणूस कधी शिंगावर, कधी कोठडीत, कधी पार्किंगवाल्यासमोर. मागच्या बाकावरून एकानं विचारलंच, "सर, नुसतं 'बुल चार्ज्ड हिम' लिखं तं बैलनी पैसा मांगात का मंग?" वर्ग हसला, पण प्रश्न एकदम बरोबर होता. ॲट नसलं तरी तिथे अर्थ कळतो तो बैलामुळेच ना.

मुळात हा शब्द गाडीवाल्यांचा. लॅटिनमध्ये कारुस म्हणजे गाडी, त्यावरून माल लादणे ह्या अर्थाचं क्रियापद झालं आणि ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. कार, कॅरी, कार्गो ही सगळी त्याच घरातली. म्हणजे सावद्याला ट्रकमध्ये केळी भरतात ना, चार्जचा मूळ अर्थ तेवढाच. पुढे बंदुकीत दारू भरणं पण चार्ज झालं, आणि १७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन विजेच्या प्रयोगांबद्दल लिहिताना हाच शब्द वापरायला लागला, म्हणून आज आपण मोबाईल चार्ज करतो. माणसावर काम लादलं तर जबाबदारी, गुन्हा लादला तर आरोप, पैसे लादले तर आकार.

आणि सातबारा काढून बघा. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज असलं की इतर हक्काच्या रकान्यात काय लिहिलेलं असतं? बोजा! इंग्रजी कायद्यात ह्यालाच चार्ज म्हणतात. 'क्रिएट अ चार्ज ऑन द प्रॉपर्टी' म्हणजे आपलं बोजा चढवणं. इंग्रजानं ओझं म्हटलं, आपण पण ओझंच म्हटलं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला विद्युत प्रभार घ्या नाहीतर ऑफिसातला प्रभारी अधिकारी, दोन्हीकडे भार आहेच. एक महावितरणच्या बिलावर मात्र आकार आहे, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. फिक्स्ड चार्ज, एनर्जी चार्ज, व्हीलिंग चार्ज हे तीन शब्द पाठ करायला वेगळं पुस्तक कशाला लागतं, बिल भिंतीवर खिळ्याला अडकवलेलंच असतं.

पोरांचा घोळ जास्त होतो तो ऑफिसच्या चार्जात. तलाठ्यानं शेजारच्या सज्जाचा चार्ज घेतला, हे आपण दिवसभर बोलतो, पण इंग्रजीत 'टेक चार्ज', मध्ये 'द' घालायचा नाही. 'ही इज इन चार्ज ऑफ द स्टोअर' म्हणजे स्टोअर त्याच्या ताब्यात. तेच 'इन द चार्ज ऑफ' केलं की उलटं होतं, 'द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ हिज आंट', पोरगं मावशीच्या ताब्यात. एका 'द'नं मालक बदलला! 'क्लास इनचार्ज' असं जोडून नाम करणं आपलं भारतीय, आपल्यात चालतं, बाहेर खटकतं.

मोबाईलचं सोपं आहे. चार्जिंग ही क्रिया आहे, चार्जिंग संपत नसते, बॅटरी संपते. 'माय बॅटरी इज डेड' म्हणा, 'लो' म्हणा, आणि ब्रिटिश माणूस फोन 'ऑन चार्ज' लावतो. लाठीचार्ज तर आपणच इंग्रजीला दिलाय, त्यांच्या डिक्शनऱ्यांत आहे तो.

पोलीस भरतीवाल्यांनी कोर्टाचं नीट लिहून घ्या. चार्जशीट पोलीस फाइल करतात, म्हणजे दोषारोपपत्र दाखल. चार्जेस फ्रेम करतं ते कोर्ट, म्हणजे आरोप निश्चित. पेपरात ह्या दोन बातम्यांमध्ये कधीकधी वर्ष वर्ष जातं आणि पोरं दोन्ही एकच समजतात. 'प्रेस चार्जेस' हे अमेरिकन सिरीयलमधलं, आपल्याकडे फिर्याद देतात, म्हणून 'लॉज अ कम्प्लेंट' लिहा.