पेट्रोग्राड १९१७ : रेड गार्ड तुकडीच्या कामाची प्रगती

रेड गार्ड म्हणजे रशियन क्रांतीच्या वेळचे कामगारांचे सशस्त्र दल. पेट्रोग्राड या तेव्हाच्या राजधानीतील (आजचे सेंट पीटर्सबर्ग) त्या दलाची १३ जणांची तुकडी छोट्या मूर्तींच्या रूपात १:३५ प्रमाणात उभारण्याचे काम आता रंगकामापर्यंत आले आहे. संख्या १३ घेतली, कारण १९१७ च्या ऑक्टोबरमधील नियमावलीप्रमाणे या दलाचा सर्वांत लहान गट तेवढ्याच माणसांचा असे आणि अशा चार गटांची एक पलटण होई. गट कारखान्यावार बनत आणि नायक निवडून दिलेला असे. म्हणून माझी माणसे शहराच्या व्हीबोर्ग भागातील एकाच धातुकारखान्याचे कामगार आहेत. कोणाच्याही अंगावर गणवेश नाही. बाहीवरची लाल पट्टी हीच त्यांची ओळख.

बाजारातील काही संचांत अशा मूर्तींना टोकदार बुद्योनोव्का टोप्या दिलेल्या असतात. ती टोपी १९१९ मध्ये लाल सैन्यात आली. त्यामुळे ती डोकी कापून पुट्टीच्या कामगारी टोप्या बसवल्या. कोटांसाठी काळ्या, तपकिरी आणि करड्या रंगांची मिश्रणे प्रत्येक मूर्तीगणिक बदलली. कोपरे आणि बाह्यांच्या कडा कोरड्या ब्रशने फिक्या केल्या, कारण हे कोट यंत्रांपाशी वापरून झिजलेले आहेत.

सर्वाधिक वेळ बंदुकांना दिला आणि तो द्यायलाच हवा होता. ऑगस्टअखेर बंडखोर सेनापती कोर्निलोव्हचे सैन्य राजधानीकडे निघाले, तेव्हा कामगारांच्या हाती पुन्हा शस्त्रे आली. सेस्त्रोरेत्स्कच्या शस्त्रकारखान्यातूनही रायफली मिळाल्या. तरीही सर्वांकडे एकसारखी रायफल नव्हती. माझ्या तुकडीत बहुतेकांकडे ७.६२ मिलिमीटरची, पाच काडतुसांची रशियन मोसिन रायफल असून तिची चार धारांची लांब संगीन चढवलेली आहे. तिघांकडे महायुद्धात जपानकडून घेतलेली ६.५ मिलिमीटरची आरिसाका आहे. एकीची काडतुसे दुसरीत चालत नसल्याने ते तिघे एकमेकांच्या जवळच उभे केले आहेत. दोन रायफलींना चामडी पट्ट्याऐवजी सुतळी लावली आहे : शिवणदोरा पातळ गोंदात बुडवून, वाळण्यापूर्वीच खांद्यावर त्याला नैसर्गिक झोळ दिला.

शुश्रूषा पथकांत कामगार स्त्रियाही होत्या, म्हणून तेरावी मूर्ती पिशवी घेतलेल्या परिचारिकेची असेल. तिच्यासाठी योग्य चेहरा अजून मिळालेला नाही. त्यानंतर तळाचे काम : बोल्शेविकांचे मुख्यालय असलेल्या स्मोल्नी इमारतीसमोरचा ओला चिखल आणि लाकडांची शेकोटी.