लाल रेषेच्या आत

त्या शनिवारी माझ्यासमोर स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीत ऑनलाइन वर्ग, दुसरीत सांगलीतल्या एका बंगल्याचा व्हॅल्युएशन रिपोर्ट. मी व्हॅल्युअर, बँकेच्या कर्जासाठी घरांची किंमत काढून देतो. प्रॅक्टिस सर्टिफिकेटच्या नूतनीकरणासाठी आमच्या संस्थेला प्रशिक्षणाचे तास दाखवावे लागतात आणि माझे सहा तास कमी पडत होते. रिपोर्ट सोमवारी बँकेत द्यायचा होता. आकडा ठरला होता, ६८ लाख. सही तेवढी बाकी होती.

दुपारी नगररचना खात्यातून निवृत्त झालेले एक सर आले. त्यांनी आल्याआल्याच विचारलं, "नदीकाठी काम करणाऱ्यांनी सांगा, मागच्या दहा रिपोर्टांत पूररेषा किती वेळा लिहिलीत?" कुणी बोलेना. मग त्यांनी पहिल्यापासून समजावलं. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम नाही. दोन्हींच्या मध्ये करायचं तर अटींवर, जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर उचलून.

मी दुसरी खिडकी बंद केली.

२०१९ चा पूर मी सांगलीतच पाहिलाय. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तरीही एप्रिलच्या उन्हात त्या बंगल्याची साईट व्हिजिट करताना मला पाणी आठवलं नाही. नवा रंग, नव्या फरश्या, प्रॉपर्टी कार्ड स्वच्छ. मोजमापं घेतली आणि निघालो.

रविवारी सकाळी परत गेलो. या वेळी आधी विजेच्या मीटरची पेटी पाहिली. ती माझ्या डोक्याच्याही वर बसवलेली होती. शेजारच्या आज्जी अंगणात तांदूळ निवडत होत्या. पाण्याचं विचारल्यावर उठून मला आत घेऊन गेल्या आणि कपाटामागच्या भिंतीवर हात ठेवला. "एकोणीसला हितवर आलं हुतं सायेब. एकवीसला जरा खाली." रंग न दिलेल्या त्या भिंतीवर मातकट रेघ अजून होती. टेप लावली. ५ फूट ४ इंच.

घरी येऊन पूररेषेचा नकाशा लावून पाहिला. बंगला लाल रेषेच्या आत. किंमत काढताना तुलनेसाठी मी घेतलेले घरविक्रीचे तिन्ही व्यवहार रस्त्याच्या पलीकडचे, चढावरचे. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी तक्त्यातला दर दोन्हीकडे एकच, म्हणून मी निश्चिंत राहिलो होतो. पण गिऱ्हाईक रेडी रेकनर बघून घर घेत नाही. अलीकडच्या, पाणी शिरलेल्या घरांचे दोन व्यवहार शोधले आणि आकडा ५४ लाखांवर आला. कर्ज २० वर्षांचं होतं. सांगलीने २००५, २०१९, २०२१ असे १६ वर्षांत तीन मोठे पूर पाहिलेत.

सोमवारी रिपोर्ट दिला. पूररेषा, मीटरची उंची, भिंतीवरच्या रेघेचं माप, सगळं लिहून. बँकेच्या मॅनेजरांनी दोनदा वाचला. घर घेणारं जोडपं तरुण होतं, दोघंही नोकरदार. त्यांना मालकाने पाण्याबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं.

प्रशिक्षणाचे तास भरले, सर्टिफिकेटही येईल. पण त्या रात्री मी कपाटातून त्या भागातले माझे जुने रिपोर्ट काढले. अकरा निघाले. त्यातले चार बंगले रेषेच्या आत आहेत आणि चारांवर कर्ज चालू आहे. त्या बँकांना पत्रं लिहायला घेतलीत. दोन झाली, दोन राहिलीत.