फक्त कागदांचं काम

“अमेरिकेला, जर्मनीला पाठवता का?” असं विचारत लोक आमच्याकडे येतात आणि दर वेळी मला सांगावं लागतं, की आम्ही कुणाला कुठे पाठवत नाही. युनिव्हर्सिटी निवडून देत नाही, एसओपी, म्हणजे आपल्याला हा कोर्स का करायचाय हे सांगणारा निबंध, लिहून देत नाही, व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करून घेत नाही. मार्कलिस्ट, ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला एकत्रित उतारा), डिग्री, त्यांच्या प्रती, त्यांचे शिक्के आणि त्यांची पाकिटं, एवढंच आमचं काम. पुण्यातले बरेच कन्सल्टंट हे काम मोठ्या पॅकेजमध्ये जोडून देतात. आमचं घर त्यावरच चालतं.

मी आधी एका कॉलेजच्या ऑफिसात परीक्षा विभाग बघत होते. पास होऊन गेलेली मुलं दोन-तीन वर्षांनी परत यायची आणि खिडकीपाशी घुटमळायची, कारण मागायचं नेमकं काय हेच त्यांना माहीत नसायचं. 2009 मध्ये नोकरी सोडली आणि मिस्टरांच्या झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल टाकलं. पहिली गिऱ्हाइकं हिंजवडीची. नोकरी इथे, डिग्री मात्र जळगावची, कोल्हापूरची, नागपूरची. विद्यापीठाची खिडकी उघडी असते ती नेमकी ऑफिसच्या वेळेत, आणि रजा काही मिळत नाही. मग अधिकारपत्र, ओळखपत्राची प्रत आणि मार्कलिस्टच्या झेरॉक्स घेऊन मी किंवा माझा दीर एसटीने निघायचो. चलन भरायचं, अर्ज आवक विभागात द्यायचा, पडताळणी झाली की सही-शिक्क्यासाठी परत थांबायचं. मुंबई विद्यापीठाची मुलं हटकून फोर्टच्या जुन्या इमारतीत जाऊन यायची. परीक्षा भवन कालिन्याला आहे हे आम्हीच सांगायचो.

यात सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे पाकीट. न्यूयॉर्कच्या वेससारखी (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणारी संस्था ट्रान्सक्रिप्ट विद्यार्थ्याच्या हातून आलेली मानतच नाही. कागदावरची असेल तर ती विद्यापीठाने स्वतः पाकिटात घालून चिकटवलेली, आणि मागच्या पट्टीवर अर्धा इकडे अर्धा तिकडे असा शिक्का नि सही असलेली हवी. पाकीट उघडलं की संपलं. एका मुलाच्या वडिलांनी “मार्क बरोबर छापलेत का, एकदा बघून घेतो” म्हणून ते अलगद वाफेवर उघडलं आणि पुन्हा डिंकाने नीट चिकटवूनही ठेवलं. काकांची काळजी खरी होती, पण सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हापासून आम्ही पाकिटासोबत एक जादा उघडी प्रत घेतोच. घरच्यांनी ती हवी तितकी बघावी.

नोटरीच्या लाल शिक्क्यावर आपल्याकडे फार श्रद्धा आहे. लोक शंभर पानं नोटरी करून आणतात. परदेशातल्या पुष्कळ विद्यापीठांना त्याचं काही नसतं, त्यांना डिग्री देणाऱ्या संस्थेचा शिक्का लागतो. अपॉस्टिलचंही, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देतं त्या दाखल्याचंही, तसंच. भारत 2005 पासून अपॉस्टिलच्या हेग करारात आहे, म्हणून उगाच सगळ्यांनी अपॉस्टिल करून घ्यायचं नसतं. मागितलं असेल तरच करा, नाहीतर पैसे वाचवा. असं सांगितलं की आमचं बिल कमी होतं, हे खरं.

नावांचा घोळ मात्र आपला खास महाराष्ट्राचा. मार्कलिस्टवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं आणि बऱ्याचदा शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आईचं नाव त्या ओळीत नाहीच. तिकडचा माणूस पहिला शब्द हेच नाव समजतो आणि मुलीला ‘डिअर पाटील’ म्हणून मेल करतो. तेवढ्यावर भागलं तर ठीक. पण अर्ज एका नावाने आणि ट्रान्सक्रिप्ट दुसऱ्या नावाने नोंदली गेली, तर फाइल अपूर्ण म्हणून पडून राहते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं दुखणं आणखी मोठं. विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, असा सगळा जुडगा लावावा लागतो. मी मुलींना सांगते, मास्टर्स करायचं मनात असेल तर पासपोर्टवरचं नाव आत्ताच बदलू नका.

त्यात विद्यापीठांचीच नावं बदलतात. पुणे विद्यापीठाच्या नावात 2014 साली सावित्रीबाई फुले आल्या, जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं, सोलापूरच्या विद्यापीठाला 2019 मध्ये अहिल्यादेवींचं. नावं अभिमानाचीच आहेत. पण 2012 ची डिग्री ‘युनिव्हर्सिटी ऑफ पुणे’ म्हणते आणि आज काढलेल्या ट्रान्सक्रिप्टच्या लेटरहेडवर दुसरंच नाव असतं. ही एकच संस्था आहे हे एका ओळीत सांगणारं पत्र विद्यापीठाकडून घेऊन ठेवलं, की पुढची पत्रापत्री टळते.

लोक मार्कलिस्टची फक्त पुढची बाजू स्कॅन करतात, याचा मला मनापासून राग येतो. ग्रेडची आणि पासिंगची माहिती बहुतेकदा मागे असते, आणि जर्मनीच्या अर्जात त्यावरच खेळ असतो. तिकडे 1 म्हणजे उत्तम, 4 म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्या श्रेणीत बदलायचं सुधारित बव्हेरियन सूत्र असं: कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पासिंग यांच्यातल्या फरकाने भागायचं, 3 ने गुणायचं आणि 1 मिळवायचा. 100 पैकी 65 असतील आणि पासिंग 40 धरलं, तर 2.75 येतात. त्याच मुलाचं पासिंग 50 धरलं, तर 3.1. गुण तेच, पण एक अर्ज टिकतो आणि दुसरा पहिल्याच चाळणीत जातो. म्हणून पासिंग किती, हे ट्रान्सक्रिप्टवर छापून येतंय का, ते आम्ही अर्ज देतानाच बघतो.

एटीकेटीबद्दल, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षात गेल्याबद्दल, मला कोपऱ्यात घेऊन विचारलं जातं. “ताई, फक्त पास झालेली मार्कलिस्ट लावली तर?” नाही लावायची. सगळे प्रयत्न मागितले असतील तर सगळेच द्यायचे. आमच्या टेबलावरून कागद कमी होऊन जात नाही. दोन-चार गिऱ्हाइकं यावरून उठून गेली, जाऊ देत. शिफारसपत्राचा मसुदा स्वतःच लिहून आणणाऱ्यांनाही आम्ही परत सरांकडे पाठवतो.

लॉकडाऊनमध्ये खिडक्या बंद झाल्या तेव्हा वाटलं, आता दुकान गुंडाळावं लागणार. विद्यापीठांनी अर्ज ऑनलाइन घ्यायला सुरुवात केली, मार्कलिस्ट सरकारच्या डिजिलॉकर ॲपमध्ये यायला लागल्या. फेऱ्या कमी झाल्या, पण तपासणी वाढली. अर्ज आता मुलं स्वतः भरतात आणि चुकलेलं निस्तरायला आमच्याकडे येतात. 1 नोव्हेंबर 2022 पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाचे कागद तपासून जर्मन दूतावासाचं केंद्र देतं ते) लागायला लागलं, त्याची फी 18,000 रुपये. एवढे पैसे भरायच्या आधी कागद कुणाला तरी दाखवून घ्यावेत असं लोकांना वाटू लागलं आणि आमचं टेबल पुन्हा भरलं. अलीकडे तीन वर्षांच्या बीएस्सी-बीकॉमवाल्यांची गर्दी जास्त असते. कॉलेज-विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या नॅकची ‘ए’ किंवा त्यावरची श्रेणी असलेल्या संस्थेची पदवी आणि पहिला किंवा दुसरा वर्ग असेल, तर वेस अशी पदवी अमेरिकेच्या चार वर्षांच्या बॅचलरच्या तोडीची मानू शकते. तरी अंतिम निर्णय ज्या विद्यापीठात अर्ज करताय त्याचा, हे आम्ही पावतीच्या मागे छापूनच टाकलंय.

आज दुकानात चौघं आहोत. झेरॉक्स मशीन एका कोपऱ्यात अजून चालू आहे. फी कागदावर ठरते, प्रवेशावर नाही, आणि कुठल्याही परदेशी विद्यापीठाकडून आम्ही कमिशन घेत नाही. येणार असाल तर मूळ मार्कलिस्ट, डिग्री नसेल तर पासिंग सर्टिफिकेट, आणि पासपोर्ट घेऊन या. जर्मनीला जाणाऱ्यांनी हिवाळी सत्रासाठी 15 जुलैची तारीख गृहीत धरून जुलैमध्ये उगवू नये. दिवाळीनंतर आलात तर चहाही मिळेल आणि बोलायला वेळही.